आधी आलेल्यांचं शहर

पिंपरी-चिंचवडमध्ये पत्ता सांगायची एक रीत आहे. टेल्को रोडने या, केएसबी चौकात वळा, थरमॅक्स चौकाच्या अलीकडे उतरा. टेल्कोची टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, रस्ता टेल्कोचाच राहिला. आकुर्डीतल्या बजाजच्या कारखान्यात गाड्या बनायच्या २००७ मध्ये थांबल्या, तरी ‘बजाजसमोर’ म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. वेस, पार, मारुतीचं देऊळ अशा खुणांवर वाढलेल्या माणसाला या गावात पहिल्यांदा पाठ करावी लागते ती कंपन्यांची यादी. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकर बंधूंचा वाडा आहे. पण नव्याची आणि त्यांची गाठ बऱ्याच उशिरा पडते, बहुधा गावाकडून आई-वडील आल्यावर, त्यांना काहीतरी दाखवायला न्यायचं म्हणून.

हा नवा माणूस उदगीरचा असेल, परळीचा, जिंतूरचा, पाचोऱ्याचा किंवा मेहकरचा. त्याला मी नाव देत नाही, कारण इथे त्याची ओळख नावाने होतच नाही, तालुक्याने होते. तो पहाटे वल्लभनगरच्या एसटी स्थानकात उतरतो. नाहीतर खासगी ट्रॅव्हल्स त्याला निगडीला, कुठल्या तरी पुलाखाली उतरवून पुढे जाते. खांद्याला सॅक. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात आधार, पॅन, दहावीची सनद, आयटीआयचं सर्टिफिकेट, पासपोर्ट फोटो. सोबत एक पिशवी ज्वारीची किंवा तुरीच्या डाळीची, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं. मग फोन. “दाजी, उतरलो.” दाजी नाईट शिफ्ट करून नुकतेच परतलेले असतात, किंवा फर्स्टला निघालेले. ते सांगतात, रिक्षावाल्याला एवढंच म्हण, जास्त बोलू नको.

हे दाजी, मावसभाऊ किंवा गावातला आधी आलेला पोरगा, हीच या शहरात नव्याचं स्वागत करणारी एकमेव यंत्रणा आहे. महापालिकेने आपल्या श्रीमंतीचा पुष्कळ अभिमान मिरवून घेतला आहे आणि रस्ते खरोखरच रुंद आहेत. पण आलेल्या माणसाला रात्री कुठे टेकायचं हे सांगणारी खिडकी या शहरात कुठेही नाही. ते काम दहा बाय दहाच्या खोलीत आधीच तिघं असताना चौथ्याची वळकटी मांडून होतं.

नेहमीच असं नव्हतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पेनिसिलिन बनवणारा हा सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. त्याच्याबरोबर कॉलनी आली. क्वार्टर्स, शाळा, मैदान, दुतर्फा झाडं. माणूस कामाला बोलावला तर तो राहणार कुठे, हा प्रश्न त्या कारखान्याने स्वतःचा मानला होता. कारखाना पुढे आजारी पडला, पण एचए कॉलनीची सावली आजही मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्याला जाणवते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतांवर प्लॉट आखले गेले. टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. लहान शेडवाल्याला कॉलनी बांधणं परवडणार नव्हतं आणि कुणी त्याच्याकडून ती अपेक्षाही केली नाही. राहण्याचा प्रश्न १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरणाकडे सोपवला गेला. हेतू चांगला होता, कामगाराला परवडेल असं घर. प्रत्यक्षात जमिनी गेलेले शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि ‘आम्ही प्राधिकरणात राहतो’ हे वाक्य जरा मान वर करून म्हणायचं झालं. २०२१ मध्ये ते प्राधिकरणच बरखास्त झालं.

तोवर माणसं थांबलेली नव्हती. १९७० साली इथे नगरपालिका आली, १९८२ मध्ये महापालिका. १९८१ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या आसपास लोक होते, १९९१ मध्ये पाच लाखांवर, २००१ मध्ये दहा लाख, २०११ मध्ये सव्वासतरा लाख. मध्येच १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली, रावेत, पुनावळे अशी गावं हद्दीत आली, त्यांचीही भर या आकड्यांत आहे. तरी एवढी माणसं कुणाच्या भरवशावर सामावली, हे विचारलं तर उत्तर प्राधिकरणाच्या कागदांत सापडणार नाही. ते चिखलीच्या, काळेवाडीच्या, भोसरीच्या खोल्यांत आहे. कंपन्यांनी जो खर्च कधी उचललाच नाही, तो दाजींनी उचलला. शहराच्या वाढीचा हिशेब मांडताना ही रक्कम कुठल्याच रकान्यात धरली जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

खोली शोधताना मालक पहिला प्रश्न विचारतो, “फॅमिली की बॅचलर?” बॅचलर म्हटलं की अर्धी दारं बंद. उरलेल्यांत पत्र्याची खोली स्वस्त आणि स्लॅबची महाग. पत्रा एप्रिलमध्ये दुपारी किती तापतो हे नाईट करून दिवसा झोपणाऱ्याला विचारावं. खोल्या ओळीने, एकाला एक लागून. पुढे अरुंद बोळ, टोकाला संडास, दारात निळा ड्रम. विजेचं मीटर मालकाच्या नावावर, प्रत्येक खोलीला सबमीटर, आणि युनिटचा दर महावितरणचा नव्हे, मालकाचा. पाहुणा आला तर आधी सांगायचं. रात्री अकरानंतर गेटला कुलूप, पण सेकंड शिफ्ट सुटून माणूस घरी पोचतोच बाराच्या पुढे, म्हणून त्याला किल्ली. मालकही बहुतेक वेळा असाच कधीतरी आलेला असतो, फक्त वीस वर्षं आधी. अशा मालकाला खोलीच्या बाबतीत दयामाया कमीच असते, असं माझं निरीक्षण आहे. त्याने स्वतः जे सोसलं, ते तो नियम म्हणून पुढे देतो.

या खोल्यांचा करारनामा सहसा होत नाही. त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही म्हणून पुढचं सगळंच अडतं. मोठा सिलिंडर मिळत नाही, पत्त्याचा पुरावा न मागणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर आणावा लागतो. रेशनकार्ड गावाला. एक देश एक रेशनकार्ड योजनेनंतर धान्य इथल्या दुकानातूनही उचलता येतं, पण आई गावाकडे त्याच कार्डावर जगत असते, तेव्हा इथे कोण उचलणार? मतदारयादीतलं नावही गावातच. याची आठवण शहराला नसली तरी गावातल्या पुढाऱ्यांना पक्की असते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की भोसरी, चिखली, वाकडला गाड्या येतात. आदल्या रात्री न्यायचं, मतदान करवायचं, परत आणून सोडायचं, मध्ये जेवण. पाचशे किलोमीटरचा हा प्रवास दहा-वीस मतांसाठी होतो, कारण गावात तेवढ्यावरच सरपंच ठरतो. जिथे तो वर्षाचे अकरा महिने राहतो, त्या वॉर्डातल्या नगरसेवकाचं नाव त्याला ठाऊक नसतं. नगरसेवकालाही तो ठाऊक असण्याचं काही कारण नसतं.

जेवणाचं बघू. स्वयंपाक येत असला तरी तीन शिफ्टचे तिघं एका स्टोव्हवर कधी रांधणार? म्हणून मेस. मेस चालवणारी मावशीही बहुतेकदा मराठवाड्याची किंवा खानदेशची असते, आणि कुठल्या मेसला कुठल्या जिल्ह्याची पोरं बसतात ते ताटातल्या भाकरीवरून कळतं. महिन्याचे पैसे आगाऊ, डबा हवा तर वेगळे. खाडा हा इथला महत्त्वाचा कायदा. गावाला गेलात, आधी कळवलंत आणि सलग काही वेळा जेवला नाहीत, तर तेवढे पैसे वळते होतात. न सांगता गेलात तर नाही. खाड्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पगारावरून होत नसतील, कारण पगाराबद्दल ज्याच्याशी भांडायचं तो माणूस समोर नसतो आणि मावशी समोर असते. रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या दिवशी पाव-अंडी, वडापाव, नाहीतर चिकन आणून खोलीवरच बेत. ज्याला मसाला जमतो त्याला त्या दिवशी भांडी घासावी लागत नाहीत.

मेसच्या टेबलावर बोलीही भेटतात. लातूर-नांदेडकडचा ‘काय करूलालास’ म्हणतो, अकोल्याचा ‘काय करून रायला’, जळगावकडची पोरं आपसात अहिराणीत उतरतात. कंपनीत सुपरवायझरसमोर तीच पोरं जपून, थोडं पुस्तकी बोलतात. पुण्यात आपल्या बोलण्याला हसतात हे घरून निघतानाच त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ते खोटं नसतं.

आता कंपनी. ‘कंपनीत लागलो’ हे वाक्य गावाकडे फोनवर सांगितलं जातं तेव्हा ते जरा अपुरं असतं. लागलेला असतो तो ठेकेदाराकडे. ठेकेदाराच्या ऑफिसात कागद द्यायचे, मेडिकल करायचं, पीएफचा नंबर घ्यायचा, सेफ्टी बूट घ्यायचे. बुटांचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात की नाही, हे ज्याच्या त्याच्या ठेकेदारावर. गेटपासचा रंग वेगळा. कॅन्टीनमध्ये पर्मनंट कामगार आणि हा एकाच मशीनवरून उठून येतात, पण बसतात वेगवेगळे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला सलग नोकरीचं संरक्षण दिलं. त्याचा एक परिणाम असा झाला की २४० दिवस भरू द्यायचेच नाहीत, अशी रीत पडली. सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’. ब्रेक मिळालेला माणूस त्याच कंपनीत दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परततो, नाहीतर चाकणला जातो. गेल्या दोन-अडीच दशकांत मोठे कारखाने चाकणकडे सरकले. फोक्सवॅगन तिथे २००९ मध्ये सुरू झाली, त्याआधी बजाज. खोली भोसरीत आणि काम चाकणात, मध्ये नाशिक रस्त्यावरची कोंडी, असे हजारोंचे दिवस जातात.

ज्यांना गेटपासही मिळत नाही ते सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहतात. डांगे चौकात साडेसातला जाऊन पाहावं. मिस्त्री वेगळे, बिगारी वेगळे, बायका वेगळ्या, हातात डबा. मोटारसायकलवाला थांबला की दहाजण गोळा होतात. दहाच्या सुमारास जे उरतात त्यांचा त्या दिवसाचा खाडा.

पर्मनंट हा शब्द कारखान्यापेक्षा जास्त सोयरिकीत चालतो. मुलगा कंपनीत आहे म्हटल्यावर मुलीचा बाप विचारतो, “पर्मनंट आहे का?” आणि मग, “स्वतःचं घर?” या दोन प्रश्नांपुढे तिशी गाठलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि शेती करणाऱ्या धाकट्या भावालाही मुलगी मिळत नाही म्हणून दोघं एकाच खोलीत राहायला आलेलीही. लग्न झालंच, तर खोलीचं भाडं वाढतं, कारण आता फॅमिली. आलेली बायको काही महिन्यांत कामाला लागते. कुणी जवळच्या सोसायटीत घरकामाला, कुणी लहान शेडमध्ये पॅकिंगला. कित्येकींकडे काम घरीच येतं. रबराच्या छोट्या भागांच्या कडा कात्रीने साफ करायच्या, नगावर पैसे. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून शेजारणी आणि मुलंही हेच करत असतात. मोटारीच्या जगड्व्याळ साखळीचं हे शेवटचं टोक चटईवर आहे आणि तिथे सेफ्टी बुटांचा प्रश्न येत नाही.

पाण्याबद्दल इथले जुने रहिवासी चिडून बोलतात, आणि बरोबरच बोलतात. पवना धरणातून पाणी येतं, ते नदीतून रावेतला उचललं जातं. धरणापासून बंद जलवाहिनी टाकायची योजना होती. तिला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि काम थांबलं. २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं आणि तात्पुरती म्हणून आलेली ती व्यवस्था अंगवळणी पडली. पण लातूरहून आलेल्या पोराला दिवसाआड पाणी ही चैन वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. तो ड्रम भरून घेतो आणि कुरकुर करणाऱ्यांकडे जरा नवलाने बघतो. दोन वर्षांनी तोही कुरकुरायला लागतो. नवखेपण गेल्याची माझ्या मते ही सर्वांत खात्रीची खूण.

दुसरी खूण येळवशीला दिसते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिवकडे सगळं गाव शेतात जातं. भज्जी, आंबील, उंडे, कडब्याच्या खोपीत लक्ष्मीची पूजा. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. पिंपरीत ती कुणाला माहीतही नसते. पहिल्या वर्षी पोरगा दांडी मारून गावाला पळतो आणि परतल्यावर बोलणी खातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो जात नाही. भज्जी मात्र होते. सगळ्या भाज्या आणि शेंगा मंडईतून मिळवायला दोन चकरा पडतात, मग मोशीकडे नदीकाठी कुणाच्या तरी ओळखीच्या शेतात पाच-सहा घरं जमतात. त्याच इंद्रायणीच्या घाटावर दिवाळीनंतर बिहार-उत्तर प्रदेशची माणसं छठपूजेला उभी असतात. निगडीत केरळच्या लोकांनी कृष्णाचं मंदिर बांधलं आहे, पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची बाजारपेठ आहे. इथे सगळ्यांनी आपापलं आणून ठेवलं आहे.

आणि आषाढी वारी. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की निगडीमार्गे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. मराठवाड्यातल्या दिंड्या तिच्यात चालत असतात. त्या दिवशी शिफ्ट संपवून पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि दर्शनाइतकीच आपल्या तालुक्याची पताका शोधतात. दिंडीच्या फलकावर गावाचं नाव दिसलं की धावत सुटायचं. गावातला कुणी म्हातारा सापडला की त्याला खोलीवर न्यायचं, पाय शेकायला गरम पाणी द्यायचं, जेवू घालायचं. एरवी पाहुण्याबद्दल आधी सांगा म्हणणारा मालक त्या रात्री काही बोलत नाही.

गाववाल्यांविषयी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांविषयी, दोन शब्द लिहिले पाहिजेत. नव्याला ते सोन्याच्या साखळ्या, पांढऱ्या गाड्या आणि फ्लेक्सवरचे चेहरे म्हणून दिसतात. आपण त्यांच्या जमिनीवर उभे आहोत, हे त्याला सहसा माहीत नसतं. कधी एमआयडीसीने, कधी प्राधिकरणाने, कधी लष्कराने घेतल्यावर उरलेले तुकडे विकून, त्यांवर चाळी बांधून ही घरं टिकली. काही फार वर गेली, काही सगळं विकून संपली. जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीसाठी त्यांचा जीव जातो. शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली तेव्हा चिखली, मोशी, भोसरीत जो जल्लोष झाला, तो मराठवाड्याच्या शेतकरी पोराला लगेच समजला. बैलावर एवढा खर्च का करतात, हे मात्र त्याला अजून समजलेलं नाही.

हिंजवडीकडे उतरणाऱ्या आयटीतल्या नव्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती पुष्कळ वेळा लिहून झाली आहे. एवढंच सांगतो की त्यांनाही मालक पहिला प्रश्न तोच विचारतो.

काही वर्षं तग धरलेला माणूस मग जागेच्या मागे लागतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तो परवडत नाही, म्हणून अर्धा. त्या सातबाऱ्यावर आधीच खंडीभर नावं. व्यवहार स्टॅम्प पेपरवर, साक्षीदार तालुक्यातलेच. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या रेड झोनमध्ये बांधकामाला बंदी, म्हणून तिथे जागा स्वस्त, म्हणून तिथेच सर्वांत दाट वस्ती. रुपीनगर, तळवड्याच्या गल्ल्यांत चार-चार मजले उभे आहेत. बेकायदा बांधकामांवर महापालिकेने दंड म्हणून शास्तीकर लावला. तो वर्षानुवर्षं निवडणुकीचा मुद्दा राहिला आणि २०२३ मध्ये माफ झाला. घरं मात्र बेकायदाच राहिली. बाप गावाकडचं एखादं एकर विकून पैसे देतो, उरलेले हातउसने. पहिला मजला चढला की खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, हे पाया खणतानाच ठरलेलं असतं.

मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, उड्डाणपूल होत आहेत, आराखडे होत आहेत. हे सगळे आराखडे अंदाजावर चालतात, कारण शहराची शेवटची मोजणी २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता संदर्भाची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. रेशनकार्ड आणि मतदारयादी यांच्या उलट, जनगणना माणसाला तो जिथे राहतो तिथेच मोजते. इथे किती वर्षांपासून राहता आणि का आलात, हेही प्रगणक विचारतो. काम, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, अशी कारणं त्यासाठी ठरलेली आहेत. ‘दाजी इथे होते म्हणून’ असं कारण त्यांत नाही, तेव्हा ‘काम’ लिहिलं जाईल. प्रश्न एवढाच की प्रगणक सकाळी येईल तेव्हा फर्स्टवाला कंपनीत असेल, सेकंडवाला मेसला गेलेला असेल आणि नाईटवाला पत्र्याखाली पंखा लावून झोपलेला असेल. दार जरा जोरात वाजवावं लागेल. आणि आत किती माणसं राहतात, या प्रश्नाला आतून आलेलं उत्तर मालकाला सांगितलेल्या आकड्याइतकंच असेल, याची खात्री नाही.